दोन्ही मोटारी एकाच दिवशी बंद कशा पडतात? : स्वतंत्र घटना, गुणाकार आणि रोजचे अंदाज

हौद_आणि_टाकी (धागाकर्ता)

इंदूरच्या सुदामानगर भागातल्या चाळीस फ्लॅटच्या सोसायटीचा प्रश्न आहे. खालच्या हौदात नर्मदेचं पाणी येतं, बोरिंगचंही त्यातच सोडतात. हौदातून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायला दोन मोटारी आहेत. नोंदवहीप्रमाणे प्रत्येक मोटार शंभर दिवसांत साधारण पाच दिवस चालत नाही.

मीटिंगमध्ये मांडलेलं गणित असं: ०.०५ × ०.०५ = ०.००२५, म्हणजे दोन्ही एकदम बंद असा दिवस चारशे दिवसांत एकदा. तेव्हा टँकरसाठी वेगळी रक्कम कशाला ठेवायची, असं बहुतेकांचं म्हणणं. पण त्याच नोंदवहीत मागच्या २०० दिवसांत दोन्ही मोटारी बंद असे ६ दिवस निघतात. गणित चुकलं, की हा नुसता वाईट योग?

---

रामबाग_सांख्यिकी

योग नाही, गणितच चुकलंय. गुणाकार बरोबर आहे, पण तो करायचा परवानाच इथे नव्हता. संभाव्यतांचा असा सरळ गुणाकार दोन घटना स्वतंत्र असतील तेव्हाच चालतो. स्वतंत्र म्हणजे काय, तर एक घडली हे कळल्यावर दुसरीबद्दलचा आपला अंदाज तसूभरही बदलत नाही.

आता स्वतःला विचारा. पहिली मोटार आज बंद आहे एवढंच कळलं, तर दुसरी चालू असेल याची खात्री तेवढीच राहते का? नाही राहत. पहिला विचार हाच येतो की लाइट गेली असेल, नाहीतर हौद कोरडा असेल.

बंद पडण्याची कारणं दोन ढिगांत टाका. एक, सामाईक: लाइट, व्होल्टेज, हौदात पाणी नसणं. दोन, त्या त्या मोटारीची स्वतःची: बेअरिंग, सील, वाइंडिंग, कपॅसिटर. धरून चला की सामाईक कारण १०० पैकी ३ दिवस असतं, आणि उरलेल्या दिवसांत प्रत्येक मोटार स्वतःच्या कारणाने २ टक्के वेळा बंद असते.

एक मोटार बंद: ०.०३ + ०.९७ × ०.०२ = ०.०४९४, म्हणजे तुमचे पाच टक्के.
दोन्ही बंद: ०.०३ + ०.९७ × ०.०२ × ०.०२ = ०.०३०४.

साधारण ३३ दिवसांत एकदा. मीटिंगच्या अंदाजाच्या बारापट. २०० दिवसांत ६ म्हणजे अगदी याच्या जवळ.

दुसरी ओळ नीट पाहा. तीन टक्के जवळजवळ सगळे सामाईक कारणाचे आहेत. 'मोटारी चांगल्या कंपनीच्या घेऊ' म्हणून स्वतःचा बिघाड २ वरून अर्ध्या टक्क्यावर आणलात, तरी दोन्ही बंद असण्याचा आकडा तीन टक्क्यांच्या खाली उतरायचा नाही. खर्च कुठे करायचा ते या ओळीतून कळतं.

---

फूटव्हॉल्व्ह

मोटारींच्या बाजूने सांगतो. वरची सामाईक कारणांची यादी अपुरी आहे.

दोन्ही मोटारींचा सक्शन पाइप एकच असेल, तर त्याच्या खालच्या टोकाच्या फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला की दोघींचं प्रायमिंग, म्हणजे पाइपात भरून राहायला हवं ते पाणी, निघून जातं. मोटार फिरते, पाणी चढत नाही. वरच्या लाइनचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह एकच असेल तर तोही त्याच यादीत घ्या.

थ्री फेज पुरवठ्यात एक फेज उडाला की मोटार घूं घूं करते, तापते आणि वाइंडिंग जळतं. सिंगल फेज प्रिव्हेंटर नसेल तर दोन्ही मोटारी एकाच संध्याकाळी जळू शकतात. असला तर तो दोन्ही बंद करतो. मोटारी वाचतात, पण पाणी त्या दिवशीही चढत नाही.

आणखी वाईट प्रकार म्हणजे आपोआप बदलणारं पॅनल. हौद कोरडा पडला, पहिली मोटार तापून ट्रिप झाली, की पॅनल दुसरी मोटार त्याच कोरड्या हौदावर सुरू करतं. इथे पहिलीचा बिघाड थेट दुसरीवर ढकलला जातो. ड्राय रनचं, म्हणजे पाण्याशिवाय चालण्यापासूनचं, संरक्षण दोन्ही मोटारींना वेगळं हवं आणि ते पॅनलच्या बदलीच्या आधी काम करायला हवं.

सामाईक कारण तोडायला सगळ्यात स्वस्त उपाय: दुसरी मोटार सिंगल फेजची, लहान, एक-दीड हॉर्सपॉवरची घ्या, वेगळ्या सक्शनवर, फेज निवडायच्या स्विचसह. तीनपैकी एक जरी फेज जिवंत असला तरी ती चालते. टाकी भरायला वेळ जास्त लागेल, पण भरेल.

---

शिकवणी_लोकमान्यनगर

मुलांना शिकवताना येणारा गोंधळ इथे निस्तरून ठेवते, कारण पुढे लागेल. इथल्या शाळांतल्या हिंदी पुस्तकात 'प्रायिकता' आहे, आपण मराठीत 'संभाव्यता' म्हणतो. त्यांची 'सप्रतिबंध प्रायिकता' म्हणजे आपली सशर्त संभाव्यता: एक घटना घडली हे कळल्यावर दुसरीची संभाव्यता. शब्द वेगळे, वस्तू एकच.

खरी गल्लत होते ती 'स्वतंत्र' आणि 'परस्पर अपवर्जी' यांच्यात. दोन्ही शब्द ऐकताना 'एकमेकांशी संबंध नाही' असे वाटतात. परस्पर अपवर्जी म्हणजे दोन्ही एकदम घडूच शकत नाहीत: एका फाशावर २ आणि ५. त्या मुळीच स्वतंत्र नाहीत. २ पडला हे कळलं की ५ ची संभाव्यता एकषष्ठांशावरून थेट शून्य होते. याहून घट्ट संबंध कोणता असणार? अपवर्जी घटनांची 'किंवा' साठी बेरीज करता येते, स्वतंत्र घटनांचा 'आणि' साठी गुणाकार. परीक्षेत निम्म्या चुका या दोन वाक्यांची अदलाबदल झाल्याने होतात.

---

छापाकाटा

एक प्रश्न. नाणं पाच वेळा उडवलं, पाचही वेळा छापा आला. सहाव्यांदा काटा येण्याची शक्यता थोडी तरी वाढायला हवी ना? नाहीतर 'शेवटी निम्मे-निम्मे' होतं ते कसं?

---

रामबाग_सांख्यिकी

अजिबात वाढत नाही. नाण्याला आठवण नसते. 'शेवटी निम्मे' कसं होतं तेही सांगतो, कारण खरा गुंता तिथेच आहे.

समजा पहिल्या १० फेकींत दहाही छापे आले. पुढच्या ९९० फेकींत नाणं कसलीही भरपाई करणार नाही. सरासरीने ४९५ छापे, ४९५ काटे. एकूण ५०५ छापे, म्हणजे ५०.५ टक्के. आधीची दहाची आघाडी तशीच शिल्लक आहे, पण हजारांत ती दिसेनाशी झाली. फरक फिटत नाही, फिका पडतो.

उलट छापे आणि काटे यांच्या संख्येतला फरक फेकी वाढतात तसा वाढत जातो. १०० फेकींत तो साधारण १० च्या घरात असतो, १०,००० फेकींत १०० च्या. टक्क्यांत पाहिलं तर तोच फरक १० टक्क्यांवरून १ टक्क्यावर येतो. मोठ्या संख्येचा नियम टक्क्यांबद्दल बोलतो, हिशेब चुकता करण्याबद्दल नाही.

सलग एकच बाजू येण्याचं आपल्याला फार नवल वाटतं. २० वेळा नाणं उडवलं तर त्यात कुठेतरी सलग पाच किंवा जास्त वेळा एकच बाजू येण्याची संभाव्यता सुमारे ४६ टक्के आहे. वर्गात करून पाहा. निम्म्या मुलांना खरं नाणं उडवायला सांगा, निम्म्यांना मनाने २० छापा-काटा लिहायला सांगा. मनाने लिहिलेल्या कागदांवर पाचची रांग क्वचितच सापडते. मुलं तीन-चार झाले की बाजू बदलतात. त्यावरून खोटा कागद ओळखता येतो.

१८ ऑगस्ट १९१३ ला माँटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटवर सलग २६ वेळा काळा आला. पंधराव्या-सोळाव्या वेळेपासून लोक लालवर रकमा वाढवत गेले आणि बुडाले. ३७ घरांच्या चक्रावर १८ काळी असतात. सलग २६ काळे म्हणजे सुमारे १३.७ कोटींत एक. पण २५ काळे येऊन गेल्यावर पुढचा काळा? १८/३७, म्हणजे ४८.६ टक्के, पहिल्या फेरीइतकाच. दुर्मीळ होती ती पूर्ण रांग, पुढचा आकडा नव्हे.

---

कोजागिरी_तंबोला

मग तंबोल्यात 'सत्तरीतला एकही आकडा आला नाही, आता येईलच' म्हणतात तेही चूक का?

---

शिकवणी_लोकमान्यनगर

नाही, तिथे ते बऱ्यापैकी खरं आहे. फरक कशामुळे पडतो ते समजलं तर अर्धा विषय समजला.

तंबोल्यात निघालेला आकडा पिशवीत परत जात नाही, म्हणून पिशवीला आठवण असते. ९० पैकी ४५ आकडे निघाले आणि ७० ते ७९ मधला एकही आला नाही, तर उरलेल्या ४५ मध्ये ते दहाच्या दहा आहेत. पुढचा आकडा त्यातला असण्याची संभाव्यता १०/४५, म्हणजे २२ टक्के. खेळ सुरू होताना ती ११ टक्के होती.

तिकिटावरची वरची ओळ, पाच आकडे, ४५ हाकांत पूर्ण होण्याचा हिशेबही त्यामुळे बदलतो. प्रत्येक आकडा निघण्याची संभाव्यता निम्मी म्हणून ½ चा पाच वेळा गुणाकार केला तर ३.१२ टक्के येतात. खरं उत्तर ४५/९० × ४४/८९ × ४३/८८ × ४२/८७ × ४१/८६ = २.७८ टक्के. फरक थोडा आहे, पण दिशा कायम एकच: एक आकडा तुमच्या वाट्याला आला की दुसऱ्यासाठी जागा एकाने कमी होते.

सहा तिकिटांचा पूर्ण ताव घेतलात तर १ ते ९० सगळे आकडे त्यात एकेकदाच असतात. म्हणजे प्रत्येक हाकेला तावावर एक खूण होणार हे नक्की. सहा वेगवेगळ्या तावांमधून एकेक तिकीट घेतलं तर तसं नाही. भजी खात खेळणाऱ्यांना याने काही फरक पडत नाही, पण बक्षिसांचं बजेट करणाऱ्याला पडतो.

तेव्हा आधी विचारा: परत टाकतात की बाजूला ठेवतात? नाणं, फासा, रूलेट परत टाकतात. तंबोला, पत्ते, चिठ्ठ्या बाजूला ठेवतात.

---

पट_सोंगट्या

कवड्यांचं राहिलं. कवडी उताणी-पालथी पडणं निम्मं-निम्मं नसतं, ते तिच्या आकारावर आहे. फोडलेल्या चिंचोक्याचंही तेच. सहा कवड्यांच्या संचातली एक कवडी २०० वेळा टाकून मोजा. ४० टक्के वेळा उताणी पडली तरी त्या आकड्यात सातेक टक्के इकडे-तिकडे धरा. तेवढ्या फेकींत इतकीच खात्री मिळते. सहाही कवड्या उताण्या पडणं ०.५ धरलं तर ६४ त एक, ०.४ धरलं तर २४४ त एक. एका कवडीतली छोटी चूक सहा वेळा गुणली जाते. आणि कवड्या ओंजळीत नीट खुळखुळवा. हातातून एकावर एक घसरत सोडल्या तर त्या एकमेकींना ढकलून पडतात, स्वतंत्र राहत नाहीत.

---

मालवा_मोसम

शनिवारी पावसाची शक्यता ५० टक्के, रविवारीही ५० टक्के. लोक म्हणतात, शनि-रवि १०० टक्के पाऊस. बेरीज चुकली हे बहुतेकांना कळतं. मग स्वतंत्र समजून गुणतात: दोन्ही दिवस कोरडे ०.५ × ०.५ = २५ टक्के, म्हणून एक तरी दिवस पाऊस ७५ टक्के. हेही माळव्यात सहसा जास्तच येतं.

कारण हवामानाच्या स्वभावात आहे. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरातून निघालेला कमी दाबाचा पट्टा मध्य प्रदेशावरून सरकतो तेव्हा इंदूर-उज्जैन-देवासला दोन-तीन दिवस सलग झड लागते. पट्टा नसेल तर दोन्ही दिवस उघडीप. समजा शनिवारी पडला तर रविवारी पडण्याची संभाव्यता ८० टक्के. मग दोन्ही दिवस पाऊस ०.५ × ०.८ = ४० टक्के, आणि एक तरी दिवस पाऊस ५० + ५० − ४० = ६० टक्के. पाताळपाणीच्या धबधब्याला जायचा बेत शनिवारी पावसामुळे फसला, तर 'रविवार नक्की कोरडा' हा दिलासा चुकीचा आहे. शनिवारच्या पावसाने रविवारची आशा कमी झालेली असते.

---

वेटिंग_लिस्ट

दोन घटना एकमेकींना धरून असल्या की फक्त वाईटच होतं असं नाही. दोन्ही टोकं फुगतात. रेल्वेचं वेटिंग याचं स्वच्छ उदाहरण आहे.

धरा की अवंतिका एक्सप्रेसने इंदूरहून मुंबईला जायला एका वर्गात २०० जणांची तिकिटं पक्की आहेत आणि प्रत्येकजण रद्द करण्याची संभाव्यता ५ टक्के. सरासरी १० जागा रिकाम्या होतात. ज्याचं वेटिंग ८ आहे त्याला किमान ८ जागा हव्यात.

माणसं एकेकटी, स्वतंत्रपणे रद्द करतात असं मानलं तर ८ नंबरचं तिकीट पक्कं होण्याची संभाव्यता सुमारे ७९ टक्के.

पण माणसं एकेकटी जात नाहीत. एका पीएनआरवर सहा जणांपर्यंत असतात, आणि लग्न पुढे ढकललं की पूर्ण कुटुंबाचं तिकीट रद्द होतं. सोपं करण्यासाठी सगळे चार-चारच्या गटात आहेत असं माना: ५० गट, प्रत्येक गट रद्द होण्याची संभाव्यता तीच ५ टक्के. सरासरी पुन्हा १० जागाच. आता हिशेब असा बदलतो:

वेटिंग १: स्वतंत्र मानलं तर जवळजवळ १०० टक्के, गटाने ९२ टक्के.
वेटिंग ८: ७९ ऐवजी ७२ टक्के.
वेटिंग १६: साडेचार टक्क्यांच्या आसपास होतं ते २४ टक्के.

वेटिंग १ ची पद्धत स्वतः करून पाहा, सोपी आहे. 'एक तरी' विचारलं की 'एकही नाही' काढा आणि १ मधून वजा करा. एकही गट रद्द न होणं म्हणजे ०.९५ चा ५० वेळा गुणाकार, ०.०७७. उरले ०.९२३.

सरासरी जागा दोन्हीकडे १०. फक्त माणसं गठ्ठ्याने बांधली, की 'हमखास' वाटणारं तिकीट थोडं डळमळीत होतं आणि 'सोडून द्या' म्हटलेल्याला चौथाई आशा मिळते. नुसती सरासरी सांगणाऱ्या अंदाजातून हे कधीच कळत नाही.

---

छापाकाटा

'एक तरी'ची युक्ती छान. बेरीज करून का चालत नाही?

---

वेटिंग_लिस्ट

कारण बेरीज करत गेलं की १०० च्या वर जाते. चार वेळा फासा टाकला, एक तरी सहा हवा: ४ × १/६ म्हणजे ६७ टक्के नव्हे; १ − (५/६)⁴ = ५१.८ टक्के. दोन फासे २४ वेळा टाकून एकदा तरी दोन्ही सहा: १ − (३५/३६)²⁴ = ४९.१ टक्के. बेरजेने किंवा त्रैराशिकाने दोन्ही सारखे वाटतात, पण एक डाव निम्म्याच्या वर आणि दुसरा खाली. सतराव्या शतकातल्या फ्रान्समधल्या जुगाऱ्यांना याच फरकाने कोड्यात टाकलं होतं. पास्कल आणि फर्मा यांनी १६५४ मध्ये जुगाराच्याच प्रश्नांवर एकमेकांना पत्रं लिहिली, तिथून हे शास्त्र उभं राहिलं.

---

पॅथॉलॉजी_टेबल

लॅबच्या बाजूने एक महत्त्वाची गोष्ट, कारण इथे चुकीचा गुणाकार माणसाची झोप उडवतो.

एखादा आजार १,००० पैकी १० जणांना आहे. तपासणी त्यातले ९ पकडते. निरोगी ९९० पैकी ९ टक्क्यांना ती चुकून पॉझिटिव्ह दाखवते, म्हणजे ८९ जण. एकूण पॉझिटिव्ह ९८, खरे आजारी ९. पॉझिटिव्ह आलेल्याला खरंच आजार असण्याची संभाव्यता ९.२ टक्के, नव्वद नाही.

मग लोक म्हणतात, पुन्हा करू. दुसरी तपासणी पहिलीपासून स्वतंत्र असेल तर ९ खऱ्यांतले ८ पुन्हा पॉझिटिव्ह येतील आणि ८९ खोट्यांतलेही ८. आता दुसऱ्यांदा पॉझिटिव्ह आलेल्यात निम्मे खरे. मोठीच प्रगती. पण तेच किट, तोच नमुना वापरला तर ही प्रगती होत नाही. रक्तातलं कोणतं तरी प्रथिन किटला फसवत असेल तर ते दुसऱ्यांदाही फसवणार. सगळेच खोटे पुन्हा पॉझिटिव्ह आले तर तुम्ही ९ टक्क्यांच्या आसपासच राहिलात, फक्त पैसे दुप्पट गेले. म्हणूनच एचआयव्हीचं निदान पक्कं करताना वेगवेगळ्या तत्त्वांवर किंवा वेगवेगळ्या प्रतिजनांवर चालणारी किट वापरतात. 'पुन्हा करा' ऐवजी 'वेगळ्या पद्धतीने करा' म्हणा.

---

रामबाग_सांख्यिकी

हीच चूक न्यायालयात झाली तेव्हा एक आई तुरुंगात गेली. इंग्लंडमधल्या सॅली क्लार्क यांची दोन तान्ही बाळं दगावली. १९९९ च्या खटल्यात एका तज्ज्ञ साक्षीदाराने सांगितलं की अशा घरात एक बाळ अचानक दगावण्याची संभाव्यता ८,५४३ त एक, म्हणून दोन म्हणजे ८,५४३ × ८,५४३, सुमारे ७.३ कोटींत एक. एकाच आई-वडिलांची बाळं, एकच घर, एकच हवा, तीच जनुकं. स्वतंत्र मानायला कसलाही आधार नव्हता. २००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने या गुणाकारावर जाहीर हरकत घेतली. २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली.

दुसरी चूक त्याहून खोल आहे. 'निर्दोष असेल तर असं घडण्याची संभाव्यता' आणि 'असं घडलंय, तर निर्दोष असण्याची संभाव्यता' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरच्या लॅबच्या हिशेबात ९ टक्के चुकीचे पॉझिटिव्ह आणि ९१ टक्के निरोगी पॉझिटिव्ह यांत जो फरक आहे, तोच हा.

---

आजी_नातवंडं

'तीन मुली झाल्या, आता मुलगाच' यावर कोणीतरी स्पष्ट लिहा. घराघरांत ऐकू येतं.

---

शिकवणी_लोकमान्यनगर

काकू, स्पष्ट लिहिते. निसर्गतः दर १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे मुलगा ५१.२ टक्के, मुलगी ४८.८ टक्के. चौथ्या वेळीही तेच आकडे. आधीच्या तीन मुलींनी त्यात काही बदलत नाही. तीन मुलांच्या घरांपैकी ०.४८८ × ०.४८८ × ०.४८८, म्हणजे शंभरात अकरा-बारा घरांत तिन्ही मुली असणारच. ते ना शाप, ना लक्षण. आणि 'आता येईलच'च्या भरवशावर सुनेला चौथ्या बाळंतपणात लोटणं हा गणिताचा चुकीचा वापर नव्हे, तर अन्याय आहे.

---

होळकर_स्टेडियम

टॉसचं सांगा. २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यापासून भारत एकदिवसीय सामन्यांत सलग २० टॉस हरला, डिसेंबर २०२५ मध्ये विशाखापट्टणमला साखळी तुटली. दहा लाखांत एक म्हणे!

---

रामबाग_सांख्यिकी

२ चा २० वा घात १०,४८,५७६. तो आकडा बरोबर आहे. पण तो 'आजपासून पुढचे २० टॉस हा संघ हरेल' या आधी केलेल्या भाकिताचा आहे. आपण मात्र साखळी झाल्यावर तिच्याकडे वळून पाहिलं. आजवर पाच हजारांच्या जवळपास एकदिवसीय सामने झाले, प्रत्येकात दोन संघ, म्हणजे सुमारे १०,००० ठिकाणी अशी साखळी सुरू होऊ शकली असती. प्रत्येक ठिकाणी ती सुरू होण्याची संभाव्यता २१ लाखांत एक धरा, कारण साखळी तिथेच सुरू व्हायची तर त्याआधीचा टॉस जिंकलेला हवा. कुठल्या तरी संघाची अशी साखळी कधीतरी दिसणं साधारण २०० त एक. दुर्मीळ आहेच, नाकारत नाही. पण चौकशी बसवावी इतकी नाही.

नाणं तरी अगदी समतोल असतं का? डायकोनिस आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये गणिताने दाखवलं की हाताने उडवलेलं नाणं ज्या बाजूने सुरू होतं त्याच बाजूने पडण्याकडे किंचित झुकतं. पुढे ३,५०,७५७ फेकी मोजल्या तेव्हा ते प्रमाण ५०.८ टक्के निघालं. वर कोणती बाजू आहे हे न पाहता कौल मागितला तर त्याचा फायदा कोणालाच नाही.

---

हौद_आणि_टाकी (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. मोटारींवर परत येतो. स्वतंत्र आहेत की नाहीत हे नोंदवहीवरून कसं तपासायचं? आणि टाकीत दीड दिवसाचं पाणी मावतं, त्याने किती आधार मिळतो?

---

रामबाग_सांख्यिकी

चार घरांचा तक्ता करा. २०० दिवस. 'अ' बंद १०, 'ब' बंद १०. स्वतंत्र असत्या तर दोन्ही बंद १० × १० ÷ २०० = ०.५ दिवस अपेक्षित. सापडले ६. अर्ध्या दिवसाच्या जागी सहा, यावर आणखी चाचणीची गरज नाही. अपेक्षित ०.५ आणि सापडला १ असता, तर तेवढ्या नोंदीवरून काही म्हणता आलं नसतं. वर्षभर थांबावं लागलं असतं.

टाकीबद्दल सावध राहा. दीड दिवसाचं पाणी म्हणजे अडचण तेव्हाच, जेव्हा सलग दोन दिवस दोन्ही बंद. इथे पुन्हा गुणायचा मोह होतो: ०.०३ × ०.०३. पण आजचा बिघाड उद्यापर्यंत टिकतो का, हे कारणावर आहे. लाइट काही तासांत येते. मोटार रिवाइंडिंगला गेली की तीन-चार दिवस जातात, आणि नर्मदेची लाइन फुटली तर हौद सलग कोरडा. म्हणून नोंदवहीत नुसतं 'बंद' लिहू नका. रकाने असे ठेवा: तारीख, कोणती मोटार, किती वाजता बंद, किती वाजता सुरू, आणि कारण. कारणासाठी पाचच शब्द ठरवून ठेवा: लाइट, फेज, हौद, सक्शन, मोटार. पहिली चार कारणं सामाईक, पाचवं स्वतःचं. सहा महिन्यांनी 'लाइट'चे दिवस फार आणि तास कमी निघाले तर टाकी पुरेशी आहे. 'हौद' निघाला तर तिसरी मोटारही उपयोगाची नाही, टँकरची रक्कम ठेवावीच लागेल.

---

फूटव्हॉल्व्ह

आणि पाण्याच्या पातळीप्रमाणे मोटार चालू-बंद करणारा दुसरा फ्लोट स्विच लावाल तेव्हा त्याची वायर पहिल्याच पाइपातून नेऊ नका. उंदराने कुरतडली की दोन्ही फ्लोट एकाच रात्री जातात.